सरकार कोसळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी कोण उघडतं?

निळी_शाई

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. युद्ध संपल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, शरणागतीची सही, झेंडा उतरवणं, रस्त्यावर नाचणारी माणसं. त्यानंतर इतिहासाची पुस्तकं एकदम उडी मारून नव्या राज्यघटनेवर येतात. मधलं काय? हरलेल्या किंवा सुटलेल्या देशात दुसऱ्या दिवशी सकाळी रेशनचे कूपन कोण छापतं, जन्ममृत्यूची नोंद कोण करतं, पोलीस चौकीत कोण बसतं?

१९४५ च्या जर्मनीत ८ मे नंतर केंद्र सरकार नावाची गोष्टच उरली नव्हती. चार सैन्यांनी चार तुकडे वाटून घेतले. अमेरिकन अधिकारी गावात शिरले की आधी कोणीतरी महापौर शोधायचे, बहुतेक वेळा १९३३ पूर्वीचा एखादा माणूस नाहीतर चर्चचा पाद्री ज्याचं नाव सुचवेल तो. कोलोनमध्ये कोनराड आडेनाउअर सापडले, नाझींनी काढून टाकलेले जुने महापौर. त्यांना परत खुर्चीवर बसवलं. मग तो भाग ब्रिटिशांकडे गेला आणि त्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना हाकललं, म्हणे काम नीट करत नाहीत. चार वर्षांनी हेच गृहस्थ ७३ व्या वर्षी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) झाले, तेही लागतात तेवढ्याच २०२ मतांनी, एकही जास्त नाही. स्वतःचं मत स्वतःलाच दिलेलं.

तर माझं म्हणणं असं, की देश उभा राहतो की नाही हे घटनेच्या मजकुरापेक्षा खालची कचेरी चालू राहते का यावर जास्त ठरतं. उलट उदाहरण इराक. मे २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक ब्रेमर बगदादला पोचले आणि पहिला हुकूम काढला की सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सरकारी नोकरीतून बाद, आणि मंत्रालयं, विद्यापीठं, हॉस्पिटलं यांच्या वरच्या तीन थरांत कोणीही साधा सदस्य असला तरी तोही बाद. आठवडाभरात दुसरा हुकूम, अख्खं सैन्यच बरखास्त. लाखो माणसं, हातात शस्त्र चालवायचं कसब, घरी पगार नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या एका जुन्या नोकरीत असंच छोट्या प्रमाणात पाहिलंय. दोन कंपन्या एक झाल्या, नव्या मालकांनी जुन्या हिशेबनीसांना एका महिन्यात घरी पाठवलं आणि मग कळलं की कुठली फाइल कुठे आहे हे फक्त त्या तिघांनाच माहीत होतं. वर्षभर नुसता गोंधळ. देशाचं आणि कंपनीचं एक नसतं हे मान्य, पण ते तिघं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

तुम्हाला काय वाटतं?

खडूस_आजोबा

छान लिहिलंय पण पटलं नाही. "कचेरी चालू राहिली पाहिजे" या वाक्याखाली किती पापं झाकली गेलीत ते बघा जरा. जर्मनीत काय झालं? अमेरिकनांनी १३१ प्रश्नांची प्रश्नावली काढली, पक्षात होतात का, कुठल्या पदावर, किती पगार, सगळं. लाखो लोकांनी भरली. मग १९४६ मध्ये निवाड्याचं काम जर्मन लोकांच्याच न्यायमंडळांकडे दिलं, पाच वर्ग पाडले, मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषपर्यंत, आणि मधे एक लाडका वर्ग, "नुसते सोबत चाललेले". बहुतेक सगळे तिथेच जाऊन बसले. शेजारी, पाद्री, जुना मित्र कोणीतरी लिहून द्यायचं की हा माणूस मनातून चांगला होता. लोक त्या दाखल्याला धुण्याच्या पावडरच्या नावावरून "पर्सिल दाखला" म्हणायचे, घातला की पांढरा!

पुढे मूलभूत कायद्यातच (पश्चिम जर्मनीची १९४९ ची घटना) कलम १३१ आलं, काढलेल्या सरकारी नोकरांचं काय करायचं ते कायद्याने ठरवा म्हणून. १९५१ ला कायदा झाला आणि बहुतेक सगळे परत खुर्चीत. प्रश्नावलीत १३१ प्रश्न आणि परतीचं कलमही १३१, नशिबाला पण विनोद सुचतो. हान्स ग्लोबके, ज्याने ज्यूविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिलं, तो १९५३ ते १९६३ आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख. कायदा मंत्रालयाने स्वतःचीच चौकशी करून २०१६ मध्ये अहवाल दिला त्यात निघालं की १९५७ साली तिथले ७७ टक्के वरिष्ठ अधिकारी माजी नाझी पक्षसदस्य होते. सत्त्याहत्तर! कायदा मंत्रालय! ही तुमची चालू राहिलेली कचेरी.

अर्धविराम

आजोबांशी निम्मा सहमत. तरी १९५७ च्या जर्मनीत निवडणुका नीट होत होत्या, कोर्ट चालत होतं, हेही खरंच ना. म्हणजे वाईट माणसं असूनही यंत्र चाललं असेल तर यंत्रात काहीतरी असणार.

मला जपानबद्दल लिहायचंय कारण त्याबद्दल सगळे एकच वाक्य फेकतात, "अमेरिकेने आठवड्यात घटना लिहून लादली". आठवड्याचं खरं आहे. जपानी सरकारच्या मात्सुमोतो समितीने जो मसुदा केला तो १८८९ च्या मेइजी घटनेला रंग दिल्यासारखा होता, १ फेब्रुवारी १९४६ ला तो मायनिची वर्तमानपत्रात फुटला, जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकन सेनापती मॅकआर्थर वैतागले आणि आपल्याच मुख्यालयातल्या वीसबावीस लोकांना खोलीत बसवून ४ ते १२ फेब्रुवारीत नवीन मसुदा लिहून घेतला. १३ ला जपानी मंत्र्यांच्या हातात. त्या खोलीत बिआटे सिरोटा नावाची २२ वर्षांची मुलगी होती, लहानपणी दहा वर्षं टोकियोत राहिलेली, जपानी अस्खलित. ती जीप घेऊन टोकियोतल्या लायब्रऱ्या पालथ्या घालत वेगवेगळ्या देशांच्या घटना गोळा करत फिरली, आणि लग्न दोघांच्या संमतीनेच होईल, नवराबायकोला समान हक्क असतील हे कलम २४ तिच्या मसुद्यातून आलं. अमेरिकेच्या स्वतःच्या घटनेत तेव्हा असं काही नव्हतं आणि आजही नाहीये बरं का.

पण "लादली" म्हणताना लोक पुढचे महिने विसरतात. एक तर जपानी अभ्यासकांच्या एका खाजगी गटाने डिसेंबर १९४५ मध्येच स्वतःचा मसुदा जाहीर केला होता आणि तो अमेरिकनांनी वाचला होता. दुसरं, अमेरिकन मसुद्यात संसदेचं एकच सभागृह होतं, जपानी बाजूने भांडून दोन करून घेतली. आणि कलम २५, प्रत्येकाला किमान सुसंस्कृत जगण्याचा हक्क, ते जपानी समाजवादी खासदारांनी संसदेत घातलं. ती संसदसुद्धा १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीतून आलेली, बायका पहिल्यांदा मत देत होत्या आणि ३९ निवडून आल्या. आणखी एक मला फार आवडतं ते म्हणजे ही घटना बोली जपानीत लिहिली, जुन्या ग्रांथिक भाषेत नाही, त्यामुळे साधा माणूस ती वाचू शकला. ३ मे १९४७ पासून लागू आणि आजवर एका अक्षराची दुरुस्ती नाही. लादलेली म्हणता तर स्वतंत्र झाल्यावर फेकून का नाही दिली मग?

भोवरा

मोठे मोठे प्रतिसाद 😀 सरळ आहे हो, जर्मनी आणि जपान आधीच शिकलेले, शिस्तीचे देश होते. काही समाजांना लोकशाही मानवतच नाही. अफगाणिस्तानात २० वर्षं घालवली, काय झालं? १५ ऑगस्ट २०२१, तालिबान परत काबूलमध्ये.

पागोळी

भोवरा, हे "मानवत नाही" वालं वाक्य १९४५ मध्ये जर्मन लोकांबद्दल आणि जपान्यांबद्दल अगदी असंच बोललं जायचं, की यांना आज्ञा पाळायचीच सवय, यांच्यात लोकशाही रुजणार नाही. बारा वर्षं झाली की तेच लोक "मुळातच शिस्तीचे" होतात. शिस्त हे कारण नंतर चिकटवलेलं असतं.

अफगाणिस्तानात रचनाच कशी केली ते बघ. डिसेंबर २००१ मध्ये बॉन शहरात करार झाला, तालिबान त्या टेबलावर नव्हतेच. जानेवारी २००४ ला लोया जिर्गाने (प्रतिनिधींच्या पारंपरिक महासभेने) घटना मान्य केली, त्यात सगळी सत्ता काबूलच्या राष्ट्राध्यक्षाकडे. प्रांताचा गव्हर्नर काबूलहून नेमायचा. आणि गंमत म्हणजे महापौर आणि जिल्हा कौन्सिलं निवडून येतील असं घटनेत लिहिलं होतं, त्या निवडणुका सतरा वर्षांत एकदाही झाल्या नाहीत. खेड्यातल्या माणसाला सरकार म्हणजे काबूलने पाठवलेला कोणीतरी, एवढंच दिसलं. जर्मनीत काय केलं, जानेवारी १९४६ मध्येच, म्हणजे शरणागतीनंतर आठ महिन्यांत, अमेरिकन विभागातल्या लहान गावांत निवडणुका. मग जिल्हे, मग राज्यं, १९४६ संपता संपता हेसन आणि बव्हेरियाच्या घटना जनमताने मान्य झाल्यासुद्धा. देशाचं सरकार सगळ्यात शेवटी, १९४९ ला. तोवर लोकांना निवडून येण्याची आणि मुख्य म्हणजे निवडणूक हरण्याची सवय झाली होती. पायापासून वर बांधलं. अफगाणिस्तानात आधी कळस चढवला.

भोवरा

बरं हे माहीत नव्हतं, स्थानिक निवडणुकांचं. पण जर्मनीत कोणी डोंगरातून गोळ्या झाडत नव्हतं, एवढं तरी मान्य करा.

पागोळी

मान्य. शरणागती पूर्ण होती आणि शेजारी देशात लपून परत येणारं कोणी नव्हतं, हा फरक मोठा आहेच.

तळटीप

वाचतोय. ऑस्ट्रियाचं कोणी का काढत नाही? माझ्या मते सगळ्यात हुशार (आणि सगळ्यात लबाड) पुनर्बांधणी तीच.

एप्रिल १९४५, युद्ध अजून चालू, सोव्हिएत सैन्य आत शिरतंय आणि ७४ वर्षांचे कार्ल रेनर स्वतःहून त्यांच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभे राहतात. १९१८ मध्येही पहिले चॅन्सेलर हेच होते. स्टालिनला वाटलं म्हातारा आहे, वाकवता येईल. २७ एप्रिलला हंगामी सरकार जाहीर. अमेरिकन ब्रिटिशांना आधी वाटलं हे रशियाचं बाहुलं, महिनोनमहिने मान्यता देईनात. रेनरनी काय केलं, नवीन घटना लिहायच्या भानगडीतच पडले नाहीत! १९२० ची, १९२९ मध्ये दुरुस्त केलेली घटना झटकून परत लागू केली, म्हणजे वादच मिटला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक, आणि सोव्हिएत सैन्य देशात बसलेलं असताना कम्युनिस्टांना १६५ पैकी फक्त ४ जागा.

आता खरी गंमत. जून १९४६ च्या करारात चार सत्तांनी ठरवलं की ऑस्ट्रियन संसदेचा साधा कायदा ३१ दिवसांत चौघांनी एकमताने अडवला नाही तर आपोआप लागू होईल. एकमताने! म्हणजे शीतयुद्ध जसं तापत गेलं तसं चौघांचं कशावरच एकमत होईना आणि ऑस्ट्रियाचे कायदे आपले पास होत गेले. दोन हत्तींच्या भांडणात गवत तुडवलं जातं म्हणतात, इथे गवत वाढलं. शिवाय जर्मनीसारखी फाळणी टळली कारण देशभरासाठी एकच सरकार पहिल्या दिवसापासून होतं. १५ मे १९५५ ला करार, सैन्यं परत, २६ ऑक्टोबरला तटस्थतेचा कायदा.

लबाडी कुठली तर १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरचा "पहिला बळी" म्हटलं होतं ते धरून बसले, आणि त्याच जाहीरनाम्यातलं जबाबदारीचं वाक्य विसरले. रेनरनी स्वतः १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीतल्या विलीनीकरणाला हो म्हणणार असं जाहीर सांगितलं होतं. सरकारच्या तोंडून जबाबदारीची कबुली यायला १९९१ उजाडलं, चॅन्सेलर फ्रानित्स्कींचं संसदेतलं भाषण.

खडूस_आजोबा

तळटीप, हे ३१ दिवसांचं मला अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद. हेच सांगतोय मी, रेनर पण धुतलेला तांदूळ नाही.

फाटकी_वही

मी पूर्व तिमोरबद्दल लिहू का, कारण निळीताईंचा प्रश्न तिथे अक्षरशः खरा झाला, कचेरी उघडायला माणूसच नव्हता.

३० ऑगस्ट १९९९ चं सार्वमत, ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचं ठरवलं. त्यानंतर इंडोनेशियन सैन्याच्या पाठिंब्यावरच्या टोळ्यांनी जाळपोळ केली, बहुतेक सरकारी इमारती जळल्या, नोंदी जळल्या, आणि इंडोनेशियन अधिकारी, न्यायाधीश, वकील सगळे निघून गेले. संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबरपासून कारभार हातात घेतला, सेर्जिओ व्हिएरा दि मेलो प्रमुख, कायदे करायचे त्यांनीच, राबवायचे त्यांनीच, जवळपास राजाच. कोर्ट सुरू करायचं तर न्यायाधीश कुठून आणणार? विमानातून पत्रकं टाकली! कायद्याचं शिक्षण असलेल्या तिमोरी माणसांनी जवळच्या ऑफिसात येऊन भेटावं म्हणून. लोक आले, आठवड्यात डझनभर, मग आणखी. जानेवारी २००० मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी शपथ घेतली, त्यातल्या एकानेही आधी कधी न्यायाधीश म्हणून काम केलेलं नव्हतं. कायदा कुठला लावायचा तर ज्या इंडोनेशियाशी भांडून वेगळे झाले त्याचाच, मानवी हक्कांच्या आड येणारी कलमं वगळून, कारण दुसरा कुठला त्यांना येतच नव्हता.

मग भाषेचं त्रांगडं. २० मे २००२ ला स्वतंत्र झाले तेव्हा राजभाषा ठेवल्या तेतुम आणि पोर्तुगीज. लढ्यातले जुने पुढारी पोर्तुगीज शिकलेले होते म्हणून. पण तिशीच्या आतली सगळी पिढी इंडोनेशियन भाषेत शिकलेली, पोर्तुगीज येणारे मूठभर. कायदा पोर्तुगीजमध्ये, साक्षीदार तेतुममध्ये, न्यायाधीशाचं शिक्षण इंडोनेशियनमध्ये. २००६ मध्ये सैन्यातल्या एका गटाला काढून टाकल्यावर एवढा भडका उडाला की परदेशी सैन्य परत बोलवावं लागलं. तरी त्यानंतर निवडणुका झाल्या, सत्ता बदलली, हरलेले घरी गेले. म्हणजे शून्यातून होतं, नाही असं नाही, पण खर्च आणि वेळ बघा.

अर्धविराम

पत्रकांचा किस्सा 🙏 हे शाळेत शिकवलं पाहिजे.

सहावा_मजला

बॉस्नियाचं नाव कोणी घेत नाहीये म्हणून मीच घेतो. तिथे युद्ध थांबवणारा कागद आणि देश चालवणारा कागद एकच आहे. डेटनचा करार, १९९५, त्याचं परिशिष्ट क्रमांक ४ म्हणजे त्या देशाची राज्यघटना. मूळ मजकूर इंग्रजीत, अमेरिकेतल्या हवाई दलाच्या तळावर बसून ठरलेला. राष्ट्राध्यक्ष तीन, एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, दर आठ महिन्यांनी अध्यक्षपद फिरतं. तुम्ही या तिघांपैकी कोणी नसाल तर? तर राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही. एक रोमा आणि एक ज्यू नागरिक युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले, २००९ मध्ये जिंकले, आणि घटना तिथेच आहे. ज्या लोकांनी युद्ध केलं त्यांच्या सोयीची घटना लिहिली की ती बदलायचा हक्कही त्यांच्याकडेच राहतो.

वर एक आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी. १९९७ पासून त्याला कायदे लादायचा आणि निवडून आलेल्या माणसाला काढायचा अधिकार. २००४ मध्ये तेव्हाचे प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी एका दिवसात साठेक पदाधिकारी काढले. तिथल्या पुढाऱ्यांना हे उलट बरंच, कडू निर्णय परदेशी साहेब घेणार, आपण भाषण करायला मोकळे.

तळटीप

जे भांडत होते तेच टेबलावर, दुसरं कोण बसणार होतं पण? युद्ध थांबायला हवं होतं ना आधी. घटना नंतर बदलायची वेळ त्यातच लिहून ठेवायला हवी होती, दहा वर्षांनी पुनर्विचार वगैरे.

सहावा_मजला

तेच. तात्पुरती फळी ठोकली आणि सुतार निघून गेला.

पागोळी

तात्पुरत्यावरून परत जर्मनी, माझा आवडता विषय. १९४८ मध्ये पश्चिमेच्या तिन्ही सत्तांनी राज्यांच्या प्रमुखांना बोलावून सांगितलं की घटना समिती भरवा. ते म्हणाले घटना नको! घटना केली तर देशाची फाळणी आम्ही मान्य केल्यासारखं होईल. म्हणून "घटना" शब्द टाळून "मूलभूत कायदा", "घटना समिती" न म्हणता "संसदीय परिषद", आणि जनमत न घेता राज्यांच्या विधानसभांची मंजुरी. बव्हेरियाने तर नाहीच म्हटलं पण इतरांनी मान्य केला तर आम्हालाही लागू असं सांगून टाकलं. ८ मे १९४९ ला मतदान, ५३ विरुद्ध १२, शरणागतीला बरोबर चार वर्षं.

या लोकांनी वायमार, म्हणजे हिटलरच्या आधीचं जर्मन प्रजासत्ताक, बुडताना डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे प्रत्येक कलमामागे एक जखम दिसते. वायमारमध्ये नाझी आणि कम्युनिस्ट मिळून सरकार पाडायचे पण बनवायचं कोणीच नाही, म्हणून कलम ६७, चॅन्सेलरला काढायचं तर त्याच मतदानात पुढचा कोण ते निवडून दाखवा. १९७२ मध्ये हे करून बघितलं ते फसलं, १९८२ मध्ये श्मिट गेले आणि कोल आले, बस, इतक्या वर्षांत यशस्वी एकदाच. आणि कलम ७९ चा तिसरा भाग, माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाही संघराज्य याला कितीही बहुमत असलं तरी हात लावता येणार नाही.

आणि एलिझाबेट झेलबर्ट. संसदीय परिषदेच्या ६५ जणांत ४ बायका होत्या, त्यातली ही एक. "स्त्री आणि पुरुष समान हक्काचे आहेत" हे एवढंसं वाक्य समितीत दोनदा पडलं, कारण त्याने लग्न, मालमत्ता सगळे कायदे कोसळतील म्हणे. झेलबर्ट देशभर फिरल्या, बायकांच्या संघटनांनी, कामगार बायकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि जानेवारी १९४९ मध्ये वाक्य मान्य झालं. जुने कायदे बदलायला ३१ मार्च १९५३ ची मुदत दिली. संसदेने मुदत चुकवली! मग घटना न्यायालय म्हणालं संसद झोपली असली तरी वाक्य लागू आहे, कोर्टांनी थेट वापरावं. संसदेला कायदा करायला १९५७ उजाडलं. तर निळी, तुझ्या "मजकुरापेक्षा कचेरी" ला माझं हे उत्तर. कचेरी जुन्या माणसांची, मंत्रालयात ७७ टक्के ते लोक, आणि तरी मजकुराने त्यांना ओढत नेलं कारण मजकुरामागे एक नवीन कोर्ट होतं.

खडूस_आजोबा

कोर्टाचं म्हणाल तर नाझींच्या "जनन्यायालया"ने हजारो लोकांना मृत्युदंड दिला आणि पश्चिम जर्मनीत त्यातल्या एकाही न्यायाधीशाला अखेरपर्यंत टिकलेली शिक्षा झाली नाही. घटना न्यायालय नवीन होतं म्हणून ठीक. खालची कोर्टं तीच.

पण जुनी माणसं ठेवण्याचं सगळ्यात वाईट उदाहरण दक्षिण कोरिया. अमेरिकन लष्करी सरकारने १९४५ ते ४८ जपानी राजवटीतले कोरियन पोलीसच कामावर ठेवले, अनुभव आहे म्हणून. स्वतंत्र सरकार आल्यावर जपान्यांना मदत करणाऱ्यांची चौकशी करायला संसदेने खास समिती नेमली. समितीने पोलीस अधिकाऱ्यांना पकडायला सुरुवात केली. ६ जून १९४९ ला पोलिसांनी समितीच्या ऑफिसवरच धाड घातली! संपली समिती. आता सांगा, कचेरी चालू राहिली का? राहिली. कोणासाठी?

निळी_शाई

आजोबा, कोरियाचं वाचून थांबले थोडी. रात्री परत येऊन लिहितेय.

मी सगळ्या कचेऱ्या एकाच पिशवीत टाकल्या ही माझी चूक. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर, जमिनीच्या नोंदी ठेवणारा, शाळामास्तर, हे वेगळे आणि पोलीस, वकील, न्यायाधीश वेगळे. पहिल्यांना काढलं तर देश बंद पडतो, इराकमध्ये शिक्षक आणि डॉक्टर काढले हे म्हणूनच मूर्खपणाचं होतं. दुसऱ्यांना ठेवलं तर जुनी राजवट गणवेश बदलून चालूच राहते. जपानमध्ये साधारण दोन लाख लोकांवर बंदी घातली पण त्यात बहुतेक लष्करवाले, नोकरशाहीला फारसा धक्का नाही, एक गृहखातं मात्र मोडून टाकलं, पोलीस त्याच खात्याकडे होते. ते मला आता जास्त शहाणपणाचं वाटतंय. जरी पुढे किशींसारखा युद्धगुन्ह्याचा संशयित म्हणून तीन वर्षं तुरुंगात असलेला माणूस १९५७ मध्ये पंतप्रधान झालाच.

पागोळीचं पूर्ण नाही पटलं अजून. झेलबर्टबाईंच्या वाक्याला कोर्टाने उचलून धरलं ते १९५३ मध्ये, तोवर खालच्या कचेऱ्यांतून पेन्शनी, घरं, निर्वासितांच्या नोंदी सगळं चालू होतं म्हणून लोक संसदेवर चिडायला मोकळे होते. भुकेल्या माणसाला कलम ७९ चं काय.

अर्धविराम

आणि फ्रान्स राहिलाच की! द गॉलनी तर परक्यांचं लष्करी प्रशासन येऊच दिलं नाही. १४ जून १९४४ ला बायो गावात पोचले, भाषण केलं आणि जाताना आपला आयुक्त तिथे बसवून गेले. बाकी विभागांसाठी आयुक्त आधीच गुपचूप नेमून ठेवलेले. अमेरिकनांनी छापून आणलेल्या नोटांना खोटं चलन म्हणाले. ९ ऑगस्टच्या आदेशात म्हटलं की विशीचं (जर्मनांशी हातमिळवणी केलेलं) सरकार कायद्याने कधी नव्हतंच, प्रजासत्ताक कधी संपलंच नाही. झकास युक्ती. पण मग जुनीच घटना का नाही चालवली तर ऑक्टोबर १९४५ मध्ये ९६ टक्के लोक म्हणाले ती नको. पहिला मसुदा जनमतात आपटला, दुसरा कसाबसा पास, आणि ते चौथं प्रजासत्ताक १२ वर्षांत वीसच्या वर सरकारं पाडून १९५८ ला संपलं. तरी रेल्वे वेळेवर, शाळा चालू. निळीताई, हे तुमच्या बाजूचं उदाहरण, फुकट देतोय.

खडूस_आजोबा

आणि विशीच्या काळात बोर्दोच्या प्रशासनात बसून ज्यूंची रवानगी करणारा पापाँ १९५८ मध्ये पॅरिसचा पोलीसप्रमुख, नंतर मंत्री, शिक्षा १९९८ ला. हेही फुकट घ्या.

भोवरा

धागा वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. एक बाळबोध प्रश्न, जर्मनीचा तो मूलभूत कायदा तात्पुरता होता ना, मग १९९० मध्ये एकत्र आल्यावर नवीन घटना केली का?

पागोळी

नाही केली. दोन रस्ते होते, कलम १४६ ने नवीन घटना करायची किंवा कलम २३ ने पूर्वेकडच्या राज्यांनी आहे त्यात सामील व्हायचं. घाई होती, दुसरा रस्ता धरला. नावही अजून तेच, मूलभूत कायदा.

तळटीप

अवांतर: त्या संसदीय परिषदेचं उद्घाटन १ सप्टेंबर १९४८ ला बॉनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात झालं, मोठा आणि धड उरलेला हॉल तोच होता म्हणून. पेंढा भरलेले प्राणी बाजूला सारून पडदे लावले होते.

भोवरा

खरंच की मस्करी?

तळटीप

खरंच. जिराफ पडद्यापेक्षा उंच होता असंही सांगतात.

निळी_शाई

😂 मला त्या जिराफाचा फोटो हवाय. कोणाकडे असेल तर टाका.